गदा अजून ओली आहे

हौशी नाटक मंडळीत कामं वाटण्याची एक ठरलेली रीत आहे. आवाज चांगला तो नायक. ज्याच्या ओळखीने तालमीला हॉल फुकट मिळतो तो नायकाचा बाप. ज्याच्याकडे मोटार आहे तो निर्माता. आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही, पण घरी जा म्हटलं तरी जो जात नाही, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दिग्दर्शक म्हणतो, "तू प्रॉपर्टी बघ." बघायचंच तर आहे, असं वाटून तोही हो म्हणतो.

नवशिक्याच्या कारकिर्दीचा मुहूर्त होतो तो असा.

पहिली यादी सहसा चहाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली असते. गदा १, तलवारी २, खलिता १, मुंडकं १ (ओळखू येईल असं), दारूची बाटली १ (फुटणारी), मयत वडिलांचा फोटो १, चहाचे कप ६. नवशिका ती पुन्हा पुन्हा वाचतो.

"नाटक पौराणिक आहे, ऐतिहासिक आहे, की सामाजिक?"

"प्रायोगिक आहे," दिग्दर्शक म्हणतो.

"आणि पैसे?"

"संध्याकाळी बोलू."

ती संध्याकाळ मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजून उगवायची आहे.

नवशिका पुण्यातला असेल तर त्याची पहिली वारी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात. खलित्यासाठी गोल नळी शोधायला गेलेला हा माणूस परत येताना टाइपरायटर घेऊन येतो. त्याला 'ट' नसतो. का आणला, तर कधीतरी लागेल. हा 'कधीतरी लागेल'चा ताप एकदा चढला की उतरत नाही. पुढच्या महिन्याभरात घरात बिनकाट्यांचं घड्याळ, हँडल तुटलेलं ग्रामोफोनचं खोकं आणि कुणाच्या तरी आजोबांची काठी येऊन राहते. नंतर बुरूड आळीतून कामट्या, बोहरी आळीतून सुतळी, मांजरपाट, सोनेरी पावडर आणि मोरचूद. मोरचूद कशाला, हे त्याला माहीत नसतं. कुणीतरी जाणत्याने सांगितलेलं असतं की खळीत टाकायचं, म्हणजे कीड लागत नाही. दुकानदार गल्ल्यावरून मान वर न करता विचारतो, "काय करणार याचं?"

"नाटकासाठी हवंय."

"मग खोटं घ्या कुठूनतरी. इथं खरं मिळतं."

गदेपासून सुरुवात करायची असं तो ठरवतो, कारण यादीत ती पहिली असते. सगळे नवशिके इथेच फसतात. गदा दिसायला सोपी आहे: एक दांडा, एक गोळा. नवशिक्याच्या मनात मात्र महाभारत चालू असतं. तो सुताराकडे जाऊन भरीव लाकडाची गदा करून घेतो, तिला वॉर्निश लावतो आणि तालमीला घेऊन येतो. मंडळी थक्क होतात. भीमाचं काम करणारा गृहस्थ विमा कार्यालयात असतो आणि त्याला स्पॉंडिलायटिस असतो. तो गदा उचलतो, खांद्यावर घेतो, आणि 'अरे दुर्योधना' म्हणायच्या ऐवजी नुसतंच 'अरे' म्हणतो. पुढचं वाक्य त्याला आठवत नाही. गदा खाली ठेवली की आठवतं. पुन्हा उचलली की जातं. शेवटी दिग्दर्शक म्हणतो, "वस्तू उत्तम आहे. पण ती भीमाला पेलली पाहिजे."

"भीम बदला ना," नवशिका म्हणतो. त्याच्या दृष्टीने हा साधा व्यवहार असतो.

दुसरी गदा थर्माकोलची. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा सजावटीचा थर्माकोलही तिच्यात आला. त्यामुळे सोसायटीत कुणाकडे नवा फ्रिज उतरला, की नवशिका खोक्यातल्या थर्माकोलसाठी टेम्पोपाशी उभा. थर्माकोलात साधारण ९८ टक्के हवाच असते. वजन नाही, कोरायला सोपा, तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापला जातो. नवशिका रात्र जागवून गदा कोरतो. तिच्यावर आठ कळ्या, कळ्यांवर नक्षी, नक्षीत बारीक मोती. पहाटे तो अभिमानाने सोनेरी स्प्रे पेंटचा डबा हलवतो आणि फवारतो.

स्प्रे पेंटमध्ये रंग पातळ ठेवणारी जी द्रव्यं असतात, त्यांतली बहुतेक थर्माकोल विरघळवून टाकतात. हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. नवशिक्याला ते गदेवर वाचायला मिळतं. आधी कळ्या बसतात, मग नक्षी जाते, मग गोळ्याला आतून कुणी शोषून घ्यावं तसे खड्डे पडतात, आणि दांड्याच्या टोकाला सोनेरी खारकेसारखं काहीतरी उरतं. बायको दात घासत बाल्कनीत येते, बघते आणि विचारते, "हे हनुमानाच्या लहानपणचं का?" जाणते लोक थर्माकोलवर आधी पातळ कागद किंवा मांजरपाट फेविकॉलने चिकटवतात, तो खडखडीत वाळवतात आणि मग रंगाला हात लावतात. पण जाणते लोक हे आदल्या दिवशी कधी सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, "अरे, विचारायचं नाही का?"

तिसरी गदा कागदाच्या लगद्याची. हा शुद्ध देशी मार्ग, आणि त्यात सल्लागारांचा तुटवडा नाही. नवशिका वर्तमानपत्रं भिजवून मिक्सरमधून काढत असतो. मिक्सर चटणीचा असतो. तो विषय वेगळा. तेवढ्यात आजी खुर्चीतून विचारते, "मेथ्या घातल्यास का?" तिच्या लहानपणी घरोघर रद्दी आणि मेथ्या एकत्र भिजवून, कुटून टोपल्या लिंपत असत. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीडही फिरकत नाही. नवशिका मेथ्या घालतो. घराला आठवडाभर आयुर्वेदिक औषधालयाचा वास येतो. गदा मात्र देखणी होते. फक्त ओली असते.

आता वेळ अशी की नाट्यस्पर्धा ऐन पावसाळ्यात. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाड्याचे मुखवटे करणारे कलाकार लाकडाबरोबर कागदाचा लगदाही वापरतात. पण बोहाडा उन्हाळ्यात रंगतो. नवशिक्याने हा तपशील सोडून बाकी सगळा अभ्यास केलेला असतो. तो गदा पंख्याखाली ठेवतो. पंख्याने वरचा थर वाळतो, आतला तसाच. जाड थर एकदम चढवला की असंच होतं; पातळ थर देत, प्रत्येक वाळवत जायचं असतं. तो हेअर ड्रायर लावतो. तो गदा गॅसच्या शेगडीजवळ नेतो, तेव्हा घरातून त्याच्यासह तिची हकालपट्टी होते. फ्रिजच्या मागे गरम हवा येते असं कळल्यावर गदा फ्रिजच्या मागे जाते. दिग्दर्शकाचा रोज फोन.

"झाली का?"

"झालीय. ओली आहे."

"किती ओली?"

"वरून नाही."

चार दिवसांनी फ्रिजमागून काढली, तर गदेला हिरवट-करडी लव आलेली. श्रावणात सृष्टी हिरवीगार होते, पण इतकी व्हावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती. गंमत अशी, की ती पाहून प्रकाशयोजना करणारा मुलगा हरखून म्हणाला, "टेक्स्चर काय आणलंय!"

शेवटी जी गदा रंगमंचावर गेली तिची कुंडली अशी: पोरांचा प्लास्टिकचा चेंडू, नळकामाचा पाइप, वर फेविकॉलात भिजवलेला मांजरपाट, दोरीची नक्षी, आधी काळा रंग आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर घासलेला सोनेरी. एका संध्याकाळचं काम. दहाव्या रांगेतून ती अस्सल पितळेची वाटत होती. नवशिक्याला याचं फार वाईट वाटलं. इतक्या सहज झालेल्या गोष्टीत आपलं कौशल्य ते काय, असं त्याने बायकोला विचारलं. बायकोने मिक्सरचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं.

तलवारींची कथा तशी छोटी. त्या त्याने प्लायवूडच्या कापल्या, पॉलिश पेपरने घासल्या, वर्ख लावला आणि स्कूटरला बांधून निघाला. नाकाबंदी होती.

"हे काय?"

"तलवारी."

हवालदाराने एक उचलली, उन्हात फिरवली, मागे सरकला. "लायसन?"

कुठलाही शहाणा माणूस इथे घाबरला असता. नवशिक्याचा चेहरा उजळला. "म्हणजे खरी वाटली ना साहेब तुम्हाला? खरंच सांगा. इतक्या जवळून?" साहेबांनी पात्यावर टिचकी मारली, टकटक असा लाकडी आवाज आला. "हां, आवाजात मार खातेय," ते म्हणाले. नवशिका स्कूटर स्टँडवर लावून आवाजाचं काय करता येईल यावर त्यांच्याशी चर्चा करू लागला. मागे गाड्यांची रांग लागली, तेव्हा त्यांनीच त्याला हात जोडले.

खऱ्या वाटण्याचं हे वेड एकट्या नवशिक्याचं नाही, त्याला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवण्यापासून सुरुवात केली, मग स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यात भीम कीचकाचा शिरच्छेद करतो तो प्रसंग इतका हुबेहूब वठला, की प्रेक्षक हादरले आणि पुढे तो सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, कोल्हापुरात, एका खोट्या मुंडक्याने सरकारला काळजीत टाकलं! नवशिका हे वाचतो आणि त्याला झोप येत नाही. यादीतला चौथा आकडा त्याला खुणावू लागतो.

ओळखू येईल असं मुंडकं हवं, तर ज्याचं शिर उडणार त्याच्याच चेहऱ्याचा साचा घ्यायला हवा. नटाला खाटेवर आडवं करतात. तोंडभर व्हॅसलीन, नाकपुड्या मोकळ्या, वर प्लास्टरच्या पट्ट्या. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी पिऊन घट्ट होताना तापतं; थर जाड असेल तर चांगलंच तापतं, म्हणून चेहऱ्यावर ते पट्ट्यांनी, पातळच चढवायचं असतं. इथपर्यंत नवशिक्याने नीट वाचलेलं असतं. व्हॅसलीन भुवयांना जास्त लावायचं, हे पुढच्या पानावर होतं. साचा निघतो तो अप्रतिम. त्यात नटाची डावी भुवईही निघते. नट आरशात पाहतो आणि दिवाणजींच्या भूमिकेत त्याला आयुष्यात प्रथमच आश्चर्याचा कायमचा भाव सापडतो. परीक्षकांनी पुढे त्याच्या 'बोलक्या चेहऱ्या'चं कौतुक केलं.

मुंडकं रंगवून, केस लावून, पिशवीत घालून नवशिका बसने निघाला. पिशवी मांडीवर. शेजारच्या आजोबांनी आत डोकावून पाहिलं आणि पुढच्या स्टॉपला उतरले, जो त्यांचा नव्हता. कंडक्टर आला, त्यानेही पाहिलं. पण तो मुरलेला असणार.

"एकच तिकीट?"

"एकच."

"आणि हे?"

"नाटकातलं आहे."

"ते दिसतंय. मान नीट कापलेली नाही," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला. नवशिक्याला रात्रभर ते लागून राहिलं.

खलित्याच्या बाबतीत तरी आपण निर्दोष काम करायचं, असा त्याने चंग बांधला. पेशवाईतला खलिता म्हणजे मोडी हवी. त्याने एका मोडी जाणणाऱ्या आजोबांकडे जाऊन अक्षरं गिरवली, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला, कडा मेणबत्तीवर किंचित करपवल्या आणि संपूर्ण मजकूर वळणदार मोडीत उतरवला. आता नाटकवाल्यांचं एक उघड गुपित आहे: पत्र वाचायचा प्रसंग कुणी पाठ करत नाही. पत्रात लिहिलेलंच असतं, ते वाचायचं. प्रयोगात नानासाहेबांनी खलिता उलगडला. पाहिला. उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. सभागृह श्वास रोखून बसलं. मग त्यांनी खलिता हळूच गुंडाळला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "वाचवत नाही!" टाळ्या पडल्या. विंगेत मात्र नानासाहेबांनी नवशिक्याला जे सुनावलं, ते देवनागरीतही छापता येणार नाही.

दारूची गोष्ट आणखी निराळी. गडकऱ्यांच्या सुधाकरापासून मराठी नट रंगमंचावर पीत आलेला आहे, आणि ग्लासात बहुतेक वेळा कोरा चहा असतो. नवशिक्याला हे फसवं वाटलं. पहिल्या घोटाला माणसाचा चेहरा वाकडा झाला पाहिजे! म्हणून त्याने चहात कारल्याचा रस घातला. चेहरा झाला. इतका झाला, की पुढच्या प्रवेशात, जिथे तोच नट व्यसनाच्या आहारी जातो, तिथे तो ग्लासाला हात लावेना. सहा महिन्यांचा दारुडा बाटली पाहून शहारतोय, हे पाहून पहिल्या रांगेतल्या एका बाई शेजारणीला म्हणाल्या, "याला सोडायची आहे हो मनातून."

फुटणारी बाटली हे त्याहून मोठं प्रकरण. सिनेमात डोक्यावर फुटते ती काच नसते. पूर्वी ती साखरेची असायची: साखर, पाणी आणि मक्याचं सिरप साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत आटवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की काचेसारखं पारदर्शक आणि ठिसूळ. आता व्यावसायिक लोक राळेसारखी कृत्रिम द्रव्यं वापरतात. त्याचं एक कारण नवशिक्याच्या स्वयंपाकघरात समजलं. साखर हवेतली ओल ओढून घेते. सकाळी कणखर असलेली बाटली दुपारी चिकट झाली, संध्याकाळी कलली. खलनायकाने ती उगारून नायकाच्या डोक्यात हाणली तेव्हा ती फुटली नाही. चिकटली. नायक तसाच बोलत राहिला, खलनायक तसाच धरून राहिला, आणि दोघं एकत्रच विंगेत गेले.

रक्तही त्याने साखरेच्या पाकातच केलं होतं. त्यालाही आधार आहे. १९६० च्या 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकने चॉकलेट सिरप वापरलं, कारण चित्रपट कृष्णधवल होता आणि सिरप पाण्यात सुरेख गडद दिसायचं. पण हिचकॉकचा सेट हॉलिवूडला होता. इथे ज्या सभागृहात प्रयोग झाला त्याच्या रंगमंचाखाली मुंग्यांची जुनी वसाहत होती. तिसऱ्या अंकात थोरला भाऊ मरून पडला आणि त्याच्या छातीकडे लाल मुंग्यांची शिस्तबद्ध रांग निघाली. थोरल्याने मरणाची शर्थ केली. आधी बोटं हलली, मग पोटरी. धाकटा भाऊ शोक करता करता त्याच्या अंगावरून हात फिरवल्याचं निमित्त करून मुंग्या झटकत होता. शेवटी मढ्याने स्वतःच्या मांडीवर सणसणीत चापट मारली आणि पुन्हा मेलं.

हसण्यावारी नेता येत नाही असं या धंद्यात एकच आहे, ते म्हणजे धार. २००८ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये आत्महत्येच्या प्रसंगात नटाच्या हाती बोथट सुरीऐवजी धारदार सुरी आली आणि त्याची मान खरोखर चिरली गेली. सुदैवाने तो वाचला. आमचा नवशिका या बाबतीत इतका सावध, की त्याने कट्यारीचं पातं स्प्रिंगवर आत सरकणारं केलं, वर टोकाला रबर लावलं आणि प्रयोगाआधी स्वतःच्या पोटात भोसकून पाहिलं. पातं आत गेलं. प्रयोगातही गेलं. नंतर बाहेर आलंच नाही, आणि उरलेले दोन खून नुसत्या मुठीने पार पडले.

मयत वडिलांच्या फोटोचं काम किरकोळ समजून त्याने शेवटावर टाकलं होतं. ऐन वेळी घरातला सगळ्यांत भारदस्त फोटो उचलला, हार घातला, भिंतीवर टांगला. फोटो नाशिकच्या काकांचा होता. काका हयात होते. इतकंच नव्हे, पुतण्याचं नाटक म्हणून सरप्राइज द्यायला ते सपत्नीक तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. पडदा उघडला आणि काकूंनी "अगं बाई!" केलं. पहिला अंकभर नायिका त्यांच्यापुढे उदबत्ती लावून रडत होती. प्रयोगानंतर काका विंगेत आले. नवशिक्याने पाय धरले.

"ते राहू दे," काका म्हणाले. "मेलो ते मेलो. हार प्लास्टिकचा होता का रे?"

"हो काका. परत वापरता येतो."

"कुणासाठी?" काकूंनी विचारलं.

यथावकाश नवशिक्याला एका मालिकेच्या सेटवर उमेदवारी मिळाली, आणि रंगमंचावर दहाव्या रांगेपर्यंत पोहोचायला शिकलेला माणूस कॅमेऱ्याच्या दोन वितींवर येऊन पडला. इथे जवळून दिसणारी देखणी वस्तू वेगळी, मारामारीत अंगावर पडणारी रबरी वेगळी, आणि पाण्यात फेकायची तिसरी. सकाळच्या शॉटमध्ये पाऊण भरलेला दुधाचा पेला दुपारच्या शॉटमध्येही पाऊणच राहिला पाहिजे. मधल्या वेळात नायकाचा मुलगा तो पिऊन टाकतो. त्यात नवशिक्याला कळलं, की मालिकांत माणसं कायमची घर सोडून जातात ती रिकाम्या सुटकेससह. वीस वर्षांचा संसार करंगळीवर लटकवून सासू माहेरी निघते! रिकाम्या कपातून घोट घेतला की नटाचा गळा हलतो, मनगट मात्र खरं बोलतं. त्याने सुटकेसमध्ये जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या भरल्या, तेव्हा कुठे सासूचा खांदा योग्य तेवढा झुकला. दिग्दर्शक खूश झाला. सासूने मात्र दुसऱ्या दिवशी घर सोडायला नकार दिला आणि लेखकाला कथानक बदलावं लागलं.

वर्तमानपत्राच्या कामात त्याने असाच जीव ओतला. अमेरिकेत अर्ल हेज प्रेस नावाचा छापखाना १९१५ पासून चित्रपटांसाठी खोटी छापील सामग्री करतो, आणि त्यांचं एकच वर्तमानपत्र अनेक मालिकांतल्या अनेक बापांनी नाश्त्याला वाचलेलं आहे. नवशिक्याला ही आळसाची हद्द वाटली. त्याने स्वतः अंक रचला: अग्रलेख, बाजारभाव, राशिभविष्य, हरवले-सापडले, शब्दकोडं (सुटणारं). कॅमेऱ्यात अंक अर्ध्या सेकंदासाठी आला, तोही उलटा, त्यावर भजी ठेवलेली.

एवढं होऊनही घरातला पसारा वाढतच होता. बायकोने अखेर बाल्कनीच्या दारात उभं राहून विचारलं, "यातलं एक तरी टाकणार आहेस?" नवशिक्याने मग हॉलिवूडचे दाखले काढले. 'स्टार वॉर्स'मधल्या प्रकाशतलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्सच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. 'स्टार ट्रेक'मधल्या डॉक्टरांची भविष्यकाळातली उपकरणं म्हणजे चक्क मीठदाण्या. आणि १९४१ च्या 'द माल्टीज फाल्कन'मधला शिशाचा काळा पक्षी २०१३ साली लिलावात चाळीस लाख डॉलरांच्या वर गेला. चित्रपटाच्या गोष्टीत तो पक्षी नकली निघतो, म्हणजे नकलीची ती किंमत!

बायकोने बाल्कनीकडे पाहिलं. बुरशी आलेली गदा, 'ट' नसलेला टाइपरायटर, अर्ध्या भुवईचं मुंडकं. "यांतलं काय गेलं असतं चाळीस लाखांना?"

"मुंडकं," तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. "भुवई अस्सल आहे."

पुढच्या वर्षी त्याच दिग्दर्शकाने नवं नाटक घेतलं, पुन्हा महाभारतावरचं. मधल्या काळात तो एका शिबिराला जाऊन आला होता. तिथे त्याला उमगलं होतं की दशावतारी एका बाकड्यावर सिंहासनापासून पर्वतापर्यंत सगळं उभं करतात, आणि १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच भिंत होती. त्याने नवशिक्याला बोलावून शांतपणे सांगितलं, "या वेळी वस्तू नाहीत. गदा अभिनयातून दिसेल."

नवशिका बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "भीम कोण आहे?"

"तोच."

"मग किती जड दाखवायची, ते मी त्याला शिकवतो." आणि तो शिकवायलाही लागला: दांडा इतका जाड, गोळ्याचा झोक असा, खाली ठेवताना मनगट असं वळणार. स्पॉंडिलायटिसवाल्या भीमाने ती अदृश्य गदा खांद्यावर घेतली, वाक्य सुरू केलं, आणि मान धरून मटकन खाली बसला.

अलीकडे नवशिका बायकोबरोबर बालगंधर्व रंगमंदिरात एका कौटुंबिक नाटकाला गेला होता. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडतो. बाप पाठमोरा, आई दाराशी, सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज. नवशिका पुढे वाकला.

"सुटकेस रिकामी आहे."

"गप्प बस," बायको डोळे पुसत म्हणाली.

पलीकडच्या खुर्चीवरच्या अनोळखी गृहस्थांनी अंधारात मान हलवली. "वाळूची पिशवी टाकायला हवी होती."

"वाळू सांडते. टेलिफोन डिरेक्टरी."

"ती हल्ली मिळते कुठे?"

"माझ्याकडे आहेत," नवशिका म्हणाला.

गृहस्थ पूर्ण वळले. "माझ्याकडे काळा, गोल डायलचा फोन आहे. चालू."

मध्यंतरानंतर नवशिक्याची बायको आणि त्या गृहस्थांची बायको मागच्या रांगेत शेजारीशेजारी जाऊन बसल्या आणि दोघींनी उरलेलं नाटक पाहिलं.